अभ्यासक्रमात आहे, वर्गात नाही

गोदावरीच्या काठी एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते: बाबा, आता तू खुशाल फिर. तुला ज्याची भीती वाटायची ते कुत्रं आज मेलं, नदीकाठच्या दाट कुंजात राहणाऱ्या माजलेल्या सिंहानं त्याला मारलं. वरवर हा दिलासा आहे. खरा निरोप असा, की आता इकडे फिरकूसुद्धा नकोस. कारण ज्या कुंजाकडे तो माणूस फिरत येतो, तीच तिची प्रियकराला भेटण्याची जागा आहे. सातवाहन राजा हाल याच्या गाथासप्तशतीतली ही गाथा. सातवाहनांचं पैठण, महाराष्ट्री प्राकृत, आणि शेतकऱ्यांच्या, वाटसरूंच्या, घरी वाट पाहणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून उभी राहिलेली कविता. नवव्या शतकात आनंदवर्धनानं ध्वनिसिद्धांत, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ हाच कवितेचा प्राण हा विचार, मांडताना हीच गाथा उदाहरण म्हणून घेतली आणि पुढे साहित्यशास्त्राच्या चर्चेत ती कायमची राहिली.

आमच्याकडे मराठी एम.ए.च्या वर्गात ध्वनिसिद्धांत शिकवताना ती येते. वाच्यार्थ (शब्दांचा सरळ अर्थ) विधीचा म्हणजे ‘फिर’ असा, व्यंग्यार्थ (सुचवलेला अर्थ) निषेधाचा म्हणजे ‘फिरू नको’ असा, एवढं फळ्यावर उतरतं आणि तास पुढे सरकतो. ही बाई कोण, तिला काय हवं आहे, ते सरळ का सांगता येत नाही, बोलण्यातली ही वळणं तिला कुणाच्या धाकानं शिकावी लागली, हे प्रश्न फळ्यापर्यंत पोचत नाहीत. खरं तर या गाथेतला व्यंग्यार्थ उभा आहे तो त्या बाईच्या इच्छेवर. ती इच्छा वगळली तर ध्वनी कशाचा शिकवला?

माझं म्हणणं सरळ आहे. मराठवाड्यातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत साहित्य शिकवताना लिंगभाव (बाई-पुरुष असण्याबद्दलच्या समाजानं घडवलेल्या कल्पना) आणि लैंगिकता हा विषय बाहेरून आणायचा नाही. नेमलेल्या पुस्तकांत तो आधीपासून आहे, आपण तो गाळून शिकवतो. त्यामुळे ‘हा नवा विषय आपल्या भागाला झेपेल का’ ही चर्चाच चुकीच्या जागेवरून सुरू होते. चर्चा व्हायला हवी ती इतकी वर्षं आपण पुस्तकं अर्धीच का वाचली, याची.

गंगाखेडची जनाबाई घ्या. ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी’ हा अभंग पाठ नसलेला मराठीचा विद्यार्थी सापडणं कठीण. त्याच अभंगात पुढे ‘जनी म्हणे देवा मी झाले वेसवा’ अशी ओळ येते. मी पाहिलेल्या प्रश्नपत्रिकांत तिच्यावरचा प्रश्न मात्र बहुतेक एकच असतो: जनाबाईच्या अभंगांतील भक्तिभाव स्पष्ट करा. विद्यार्थी ‘आर्त’, ‘उत्कट’, ‘निस्सीम’ हे शब्द पेरून दोन पानं भरतो आणि पास होतो. पदर डोक्यावरून खांद्यावर येण्यानं कुणाचं काय बिघडत होतं, घराबाहेर पडणाऱ्या बाईसाठी समाजानं राखून ठेवलेलं नाव जनी स्वतःच का उचलून घेते, हे विचारलंच जात नाही. याच्याही पुढचा प्रश्न आहे. जनी दासी होती. पाणी आणायला, शेण-गोवऱ्या वेचायला दासीला बाहेर पडावंच लागतं, तिला घराचा उंबरा कुणी कधी आखून दिला होता? पदराची मर्यादा ज्या घरातल्या बायकांना होती त्या घरात ती राबत होती. मग तिनं ओलांडलेली रेघ नेमकी कुठली? इथं जात आणि लिंगभाव वेगवेगळे काढून दाखवताच येत नाहीत. एका अभंगावर आठवडाभर वर्ग चालेल एवढा हा ऐवज आहे. तो आपण ‘भक्तिभाव’ या एका शब्दाखाली पुरून टाकतो.

जनीचा विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, केर भरतो, तिची वेणी घालतो. बायकांच्या वाट्याची म्हणून ठरलेली सगळी कामं देवाच्या हाती देण्याची ही कल्पना केवढी मोठी आहे! ‘स्त्री जन्म म्हणवुनी न व्हावे उदास’ असं तीच सांगते. आणि जात्यावरच्या ओव्यांत आपल्याच आज्या-पणज्या म्हणत आल्या: ‘अस्तुरी जन्मा नको घालू श्रीहरी, रात ना दिस परायाची ताबेदारी.’ जातं तेच, दळणं तेच, आणि दोन अगदी उलट उद्गार. यातला खरा कुठला, असं विचारून उपयोग नाही. दोन्ही एकाच जगण्यातून कसे निघाले, हे विचारायला हवं. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या संशोधकांनी गोळा केल्या, त्यांत बाबासाहेब आहेत, दलित बाईचा अभिमान आहे. म्हणजे जात्यावरचा आवाजही एकच नाही. एम.ए.च्या लोकसाहित्याच्या पेपरात हे यायला हवं, आणि ‘ओवीची वैशिष्ट्ये’ एवढ्यावर ते थांबू नये.

मला स्वतःला यात सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते ती शिऊरची संत बहिणाबाई. वैजापूर तालुक्यातलं शिऊर, सतरावं शतक. तिनं अभंगांत आपलं चरित्र सांगितलं आहे. लहानपणीच वयानं कितीतरी मोठ्या बिजवराशी लग्न, ब्राह्मण घर, आणि तिनं गुरू मानले तुकोबा, म्हणजे शूद्र. त्यावरून नवऱ्याचा मार. ‘स्त्रियेचे शरीर पराधीन देह, न चाले उपाव विरक्तीचा’ असं ती लिहिते. विरक्त व्हायचं तर आधी देह आपल्या मालकीचा हवा, हे तिला कळलेलं आहे. वेद-पुराणं बाईची संगत वाईट म्हणून ओरडत असतील तर बाईचाच देह घेऊन आलेल्या माझ्या परमार्थाची सोय काय, हा तिचा सवाल. आणि याच बहिणाबाईनं पतिव्रतेच्या धर्माची थोरवी गाणारे अभंग रचले. वज्रसूची हा जन्मावरच्या जातिश्रेष्ठत्वाचं खंडन करणारा संस्कृत ग्रंथ मराठीत आणून ब्राह्मण्य जन्मानं ठरत नाही, असं म्हणणारीही तीच.

हिला बंडखोर म्हणायचं की सोशीक? वर्गात याचं उत्तर देण्याची घाई होते. पूर्वी ‘आदर्श पतिव्रता’ म्हणून शिकवायचे, आता काही जण ‘आद्य स्त्रीवादी’ म्हणतात. दोन्हींत तिचे निम्मे अभंग बाजूला ठेवावे लागतात. लिंगभावाचा अभ्यास म्हणजे जुनी पाटी काढून नवी लावणं नव्हे. मार खाणारी बाई त्याच नवऱ्याच्या सेवेत अर्थ का शोधते, हे समजून घ्यायला जी सावध, सहानुभूतीची नजर लागते, ती कमावण्याचं हे शिक्षण आहे. आणि ती नजर शिऊरच्या पलीकडेही उपयोगाची आहे, हे वर्गात बसलेल्या पोरींना वेगळं सांगावं लागत नाही.

आता पुरुषांकडे वळू, कारण हा विषय ‘बायकांचा’ समजला गेला हीच मोठी अडचण आहे. ज्ञानेश्वरांचं आपेगाव पैठण तालुक्यात. त्यांच्या ‘विरहिणी’ नावाच्या अभंगांत ‘भवतारकु हा कान्हा वेगी भेटवा का’ म्हणणारी विरहिणी आहे, लिहिणारा पुरुष आहे. सातशे वर्षं फेटे बांधलेले, मिशा राखलेले वारकरी टाळ धरून ती आळवतात आणि त्यात कुणाला काही कमीपणा वाटत नाही. ज्ञानोबा माउली, विठोबा माउली. पैठणच्याच एकनाथांनी ‘सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला’ म्हणताना एका सुनेचा आवाज घेतला. सासरा गावाला गेला तर तिकडेच खपव, असं मागणारी ही सून शेवटी म्हणते, एकलीच राहू दे मला. वर्गात सांगतात की हे रूपक आहे, सासू-सासरे म्हणजे विकार. बरोबरच आहे. पण ऐकणाऱ्याला त्या घरातला जाच ओळखीचा नसता तर रूपक लागूच पडलं नसतं. सोंग घेऊन पुरुष ते गातो, गावातल्या बायका पदरात तोंड लपवून हसतात, त्या हसण्याचा अभ्यास आपण कधी केला? तमाशातली मावशी पुरुष करतो, लावणीतली बाई शाहीर लिहितो. मराठी कवितेतला बाईचा आवाज एवढ्या मोठ्या प्रमाणात पुरुषांनी घडवला आहे, तर त्या आवाजाचं काय झालं, आणि तो लावणाऱ्या पुरुषांचं काय झालं, हा प्रश्न वाङ्मयाच्या इतिहासाचा आहे. तो ऐच्छिक पेपरात ढकलण्याजोगा नाही.

आणि मराठवाडा म्हणजे एकट्या मराठीचा प्रदेश नव्हे. सिराज औरंगाबादी हा अठराव्या शतकातला उर्दू कवी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात राहिला, इथंच त्याची कबर आहे. ‘बोस्ताने-खयाल’ या मसनवीत, म्हणजे दीर्घ कथाकाव्यात, त्यानं एका तरुणावरच्या आपल्या प्रेमाची आणि त्यातल्या होरपळीची कहाणी सांगितली. रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी २००० साली भारतीय वाङ्मयातल्या समलिंगी प्रेमाच्या लेखनाचा संग्रह काढला, त्यात हा आपला कवी आहे. इथंही घाई नको. उर्दू गझलेत प्रिय व्यक्ती सहसा पुल्लिंगीच असते, तो संकेत आहे, आणि सूफी परंपरेत माणसावरचं प्रेम देवाकडे नेणारी पायरी मानलं जातं. म्हणून सिराजला आजचा शब्द चिकटवून मोकळं होता येत नाही. पण संकेत आहे, आध्यात्मिक आहे असं म्हणून त्या तरुणाला कवितेतून पुसूनही टाकता येत नाही. मराठीच्या किती विद्यार्थ्यांनी सिराजचं नाव ऐकलं आहे? उर्दूचा विभाग आणि मराठीचा विभाग एकाच आवारात असतात आणि एकमेकांच्या वर्गात डोकावत नाहीत.

एवढं सगळं गोदावरीच्या खोऱ्यात पडलेलं असताना ‘ही पाश्चात्त्य थेरं आहेत’ असा आक्षेप येतो तेव्हा वाईट वाटतं. आक्षेप घेणारे अनेकदा भले लोक असतात, आपल्या मुलांचं वाटोळं होऊ नये एवढंच त्यांना वाटत असतं. त्यांच्या बोलण्यात एक खरी गोष्टही आहे. हा विषय आमच्याकडे बऱ्याचदा इंग्रजीच्या वर्गातून येतो, तोही ज्युडिथ बटलर आणि मिशेल फूको या लिंगभाव-लैंगिकतेवर लिहिणाऱ्या पाश्चात्त्य विचारवंतांच्या अर्धवट उताऱ्यांतून, मूळ पुस्तक कुणी उघडलेलं नसताना. जोडीला बाजारात मिळणारं गाईड. निलंग्याच्या किंवा सेनगावच्या पोराला त्यातून एवढंच कळतं की हे काहीतरी दूरचं, अवघड आणि पेपरापुरतं आहे. सिद्धांत हवेत, त्यांनी प्रश्न धारदार होतात. पण जनाबाई वाचता वाचता अडलं की बटलरकडे जावं. आपण आधी बटलर घोकायला लावतो आणि जनाबाईपर्यंत पोचतच नाही.

पाश्चात्त्य म्हणणाऱ्यांना मला एक खटला आठवून द्यायचा आहे. संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. वाचक लैंगिक शंका विचारत, कर्वे उत्तरं देत. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानं ते अश्लील ठरत नाही, लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळालं पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. त्या काळी कर्व्यांच्या शेजारी उभं राहणं कुणालाही परवडणारं नव्हतं. त्याच बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढलं. त्यांचं नाव मराठवाडा विद्यापीठाला मिळावं म्हणून या प्रदेशानं केवढी किंमत मोजली, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ते नाव कमानीवर असताना आत लैंगिकतेचा प्रश्न विचारायला विद्यार्थी कचरत असेल, तर ती जबाबदारी आम्हा शिकवणाऱ्यांची आहे.

याच विद्यापीठातल्या स्त्री अभ्यास केंद्राला ताराबाई शिंदे यांचं नाव आहे. ताराबाई जालन्याला लागूनच असलेल्या बुलडाण्याच्या. १८८२ च्या ‘स्त्री-पुरुष तुलना’त त्यांनी पुरुषांच्या दुटप्पीपणावर आसूड ओढले, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी त्या काळच्या कथा-नाटकांत बाई कशी रंगवली जाते, याचीही झडती घेतली, हे कमी जणांना माहीत असतं. म्हणजे साहित्याकडे लिंगभावाच्या नजरेनं पाहणं मराठीत सव्वाशेहून अधिक वर्षं जुनं आहे, आणि ते विद्यापीठाबाहेरच्या एका बाईनं सुरू केलं. मराठी समीक्षेच्या इतिहासाच्या पेपरात ताराबाईंचं नाव यायला हवं. आज ते ‘समाजसुधारणा’ या खान्यात असतं.

आता वर्गात कोण बसतं ते पाहू. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या ज्या बायकांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, त्यांचं प्रमाण परभणीत ४८ टक्के आणि बीडमध्ये सुमारे ४४ टक्के निघालं. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीसमोर बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांच्या पाहणीची माहिती आली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. कोयत्याचा हिशेब नवरा-बायकोच्या जोडीनं होतो, एक दिवस खाडा झाला तर दंड, आणि पाळी म्हणजे खाडा. या घरांतल्या लेकी आज आमच्याकडे बी.ए.ला, एम.ए.ला येतात. अनेकींचं लग्न झालेलं असतं. या घरातल्या पहिल्याच शिकणाऱ्या आहेत.

कुणी म्हणेल, मग हे समाजशास्त्रात शिकवा, आरोग्य खात्यानं बघावं, साहित्याचा काय संबंध. आकडा किती बायकांची गर्भाशयं गेली हे सांगतो. पण त्या बाईला स्वतःलाही ‘पिशवी काढली, बरं झालं, कटकट गेली’ असं का वाटतं, हे आकडा सांगत नाही. बाईचं शरीर म्हणजे काय, विटाळ म्हणजे काय, मर्द कुणाला म्हणायचं, अब्रू कुठं असते, हे माणसं गोष्टींतून, म्हणींतून, गाण्यांतून, सिनेमातून शिकतात. ते जिथं घडतं तिथंच त्याचा अभ्यास व्हायला हवा. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी सांगितलं की पाळी हा शरीराच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव आहे, त्याचा विटाळ धरायचं कारण नाही. ते लीळाचरित्रामुळे आपल्यापर्यंत आलं. लीळाचरित्र मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणून सगळीकडे शिकवतात. भाषेची वैशिष्ट्यं, वाक्यरचना, काळ, सगळं येतं. पाळीची गोष्ट सांगताना मात्र मास्तर खिडकीबाहेर पाहतात, आणि पहिल्या बाकावरच्या मुली वहीत.

या संकोचाला एकटे मास्तर दोषी नाहीत. कितीतरी महाविद्यालयांत साहित्याचा वर्ग तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक चालवतात. नेट झालेलं, पीएच.डी. झालेली, आणि नेमणूक वर्षावर. तासाचे पैसे तेही उशिरा. अशा माणसानं सिराजच्या मसनवीवर तास घेतला, एका पालकानं संस्थाचालकाकडे तक्रार केली, तर पुढच्या वर्षी त्याला बोलावणार कोण? लैंगिकतेवर मोकळेपणानं शिकवायला नोकरीची शाश्वती लागते. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरा, या मागणीत हा मुद्दाही धरला पाहिजे. वर्गातलं स्वातंत्र्य पगारपत्रकाशी बांधलेलं असतं.

मुलांचंही सांगायला हवं. हा विषय निघाला की मागच्या बाकांवर हशा पिकतो. मी त्या हसण्याला उद्धटपणा मानत नाही. अठरा-वीस वर्षांच्या या पोरांना बाईबद्दल, स्वतःच्या शरीराबद्दल जे कळलं ते मोबाइलमधून आणि पारावरच्या गप्पांतून. शेती बुडालेली, नोकरी नाही, म्हणून लग्नाला मुलगी मिळत नाही, आणि मर्द असण्याच्या अटी मात्र आजोबांच्याच. कर्जापायी जीव दिलेल्या बापाबद्दल ‘बाईसारखा रडला नाही कधी’ असं अभिमानानं सांगणारा पोरगा वर्गात असतो. ग्रामीण कादंबरीतला कर्ता पुरुष, त्याचा राग, त्याची हतबलता, हे लिंगभावाच्या प्रश्नासहित वाचलं तर त्या पोराला स्वतःच्या बापाबद्दल बोलता येईल. आणि त्याच बाकांवर असा एखादा असतो, जो हशात सामील होतो कारण हसला नाही तर आपण ओळखले जाऊ, असं त्याला वाटतं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. त्या पोरापर्यंत निकाल पोचला असेल, पण आपल्याच शहरातल्या एका कवीनं अडीचशे वर्षांपूर्वी काय लिहून ठेवलं ते पोचलं नाही.

शिस्त लागेल. कुणालाही स्वतःचं खासगी आयुष्य वर्गात उघडं करायला लावायचं नाही, चर्चा पुस्तकाच्या आधारानंच करायची, मुलीला तिच्या नवऱ्यावरून किंवा मुलाला त्याच्या चालीवरून कुणी छेडलं तर तास थांबवायचा. तक्रार निवारण समिती कागदावर न राहता तिचा फोन नंबर प्रत्येक वर्गात लागलेला हवा. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार यांची आत्मकथनं ‘दलित साहित्य’ या पेपरात एकदा आणि ‘स्त्री साहित्य’ या पेपरात एकदा अशी दोन तुकड्यांत न शिकवता सलग वाचायला हवीत, कारण त्यांनी घरातली मारहाण आणि गावातली शिवाशीव एकाच श्वासात लिहिली आहे. हे करायला नवा विभाग लागत नाही, निधी लागत नाही, अभ्यास मंडळाची फक्त एक बैठक लागते.

त्या बैठकीत निदान प्रश्नपत्रिका बदलावी. आमच्याकडे परीक्षेत जे विचारलं जातं तेच वर्गात शिकवलं जातं, हे वास्तव धरूनच मी हे सुचवते आहे. ‘जनाबाईच्या अभंगांतील भक्तिभाव स्पष्ट करा’ याच्या जागी असं विचारता येईल: जनाबाई स्वतःला ‘वेसवा’ म्हणते आणि बहिणाबाई स्वतःच्या देहाला ‘पराधीन’ म्हणते, या दोन्ही उद्गारांचा त्यांची जात, काम आणि घर लक्षात घेऊन विचार करा. पंधरा गुणांचा प्रश्न. आदर्श उत्तर ठरवून देऊ नये, आणि गाईडमध्ये नसलेलं पण अभंगांतून काढून दाखवलेलं उत्तर आलं तर तपासणाऱ्यानं त्याला पूर्ण गुण द्यावेत.